अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब शर्यती) पळणाऱ्याला हाफची पात्रता वेळ: दीड तासाच्या आत कसं यायचं?

डोंगरवाट:
पात्रतेसाठी हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) १:३० च्या आत हवी. हातात १४ आठवडे. आठवड्याला ९०-१०० किमी होतात, बहुतेक डोंगरात, ६:०० ते ६:३० च्या पेसने (किमीला लागणारी मिनिटं). सपाट रस्त्यावर १० किमी ४२:३०. दम पुरतो, पण ४:१५ ला पायच वळत नाहीत. किमी वाढवू का?

दमसास:
वाढवू नका, उलट ७५-८० वर आणा. शनिवार-रविवार लागोपाठचे लाँग रन आधी बंद. थकलेल्या पायांनी वेगाचा सराव होत नाही, नुसती घासाघीस होते.

एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याचा अंदाज देणाऱ्या रीगेलच्या सूत्राने १० किमीच्या वेळेला साधारण २.२ ने गुणायचं. ४२:३० वरून १:३३:४५ च्या आसपास येतं. १:३० साठी १० किमी ४०:४५ लागेल. अंतर वाढलं तरी अल्ट्रावाल्यांचा पेस फारसा घसरत नाही, त्यामुळे ४१:०० आली तरी आशा आहे.

पहिले ३ आठवडे फक्त स्ट्राइड्स (छोट्या, वेगवान धावा): आठवड्यातून दोनदा, सावकाश रन संपताना २० सेकंदांचे ६-८, मध्ये पूर्ण श्वास येईपर्यंत चालायचं. मग थ्रेशोल्ड (साधारण तासभर टिकेल असा वेग), ४ × ८ मिनिटं, मध्ये २ मिनिटं जॉग. इथेच बहुतेक जण चुकतात. पहिल्या दिवसापासून ४:१५ ने सुटतात. तुमचा आजचा थ्रेशोल्ड ४:२५-४:३० आहे, तोच धरा. जोडीला एका आठवड्याआड १००० मी × ५, ४:०५ ने. शेवटच्या ५-६ आठवड्यांत ३ × ३ किमी ४:१५ ने, पुढे २ × ५ किमी. लाँग रन २४ किमी पुरे, त्यातले शेवटचे ६ किमी जोरात.

टाच_पोटरी:
दम तयार आणि पोटऱ्या कच्च्या, ही जोडगोळी घातक. सावकाश पळणाऱ्याचा आकिलीस (पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा) वेगाच्या झटक्याला सरावलेला नसतो. एका पायावर टाच उचलणे, ३ × १२, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवूनही, आठवड्यातून तीनदा. सकाळची पहिली पावलं टाकताना टाचेच्या वर आखडलं तर त्या आठवड्याचे इंटरव्हल (वेगाचे तुकडे) आणि चढ सोडा. कार्बन प्लेटचे (तळव्यात कडक पट्टी असलेले) बूट थेट शर्यतीत नकोत. आधी दोन-तीन वेगवान सत्रांत घाला.

नियमवाचक:
आधी पात्रतेचे नियम वाचा. चिप टाइम (तुम्ही रेषा ओलांडल्यापासून) धरतात की गन टाइम (शर्यत सुटल्यापासून)? मार्ग प्रमाणित हवा का? उताराला मर्यादा आहे का? गन टाइम असेल तर मागे उभं राहून गेलेले २० सेकंद परत मिळत नाहीत.

मार्ग सर्वांत आखूड रेषेने मोजतात. घड्याळ बऱ्याचदा २१.२ ते २१.३ दाखवतं. म्हणून घड्याळात ४:१३ धरा आणि किमीच्या फलकांवर स्प्लिट (तिथवरची वेळ) तपासा: ५ किमी २१:१५, १० किमी ४२:३०, १५ किमी १:०३:४५, २० किमी १:२५:००. शेवट १:२९:४० ला.

डोंगरवाट:
म्हणजे माझी सध्याची १० किमीची वेळ हाच अर्ध्यावरचा स्प्लिट! खाणं-पिणं?

दमसास:
अल्ट्रासारखं दर अर्ध्या तासाला खाऊ नका, या वेगात पोट साथ देत नाही. ८ किमीला एक जेल (साखरेचं घट्ट पाकीट), जमलं तर १४ ला दुसरं. आणि वॉर्म-अप चुकवू नका. अल्ट्रात पहिला तासच वॉर्म-अप असतो. इथे १५ मिनिटं जॉग आणि ४ स्ट्राइड्स करूनच रेषेवर या.