मदत हवी आहे : तंबोऱ्याच्या खर्जाला (सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेला) जवारी (तारेचे घुमणारे गुंजन) येत नाही

माझ्या मिरजेच्या तंबोऱ्यावर (काळी एक म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर, पहिली तार पंचमात) जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन, पोलादी तारा छान बोलतात. खर्जाची पितळी तार मात्र, घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखालचा दोरा पुढेमागे कितीही सरकवला तरी, बद्दच वाजते. तार नवी घातली, 26 ऐवजी 24 नंबरची जाड तारही लावून पाहिली. फरक पडला नाही. मण्याने सूर जुळतो, पण गुंजन येत नाही. घोडी हाडाची असून खर्जाखाली नखाला लागेल एवढा चर पडला आहे, जोडीखालचा भाग मात्र गुळगुळीत आहे. वाद्य दिवाळीपर्यंत कारागिराकडे नेणे शक्य नाही. अशा वेळी तेवढा चर बारीक पॉलिशपेपरने घरीच घासावा, की त्यामुळे घोडीचा उतार बदलून जोडीची लागलेली जवारीही बिघडेल?