रिचर्ड मॉस यांचा गुलाबी काँगो: साक्ष की सजावट?

तिपाई (धागाकर्ता):
किलकेनीत १९८० साली जन्मलेले आयरिश छायाचित्रकार-चित्रपटकार रिचर्ड मॉस जगाला कळले ते पूर्व काँगोतल्या युद्धाच्या गुलाबी चित्रांमुळे. २०१३ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कला-प्रदर्शनात आयर्लंडच्या दालनात त्यांचं त्याच युद्धावरचं ‘द एन्क्लेव्ह’ हे चित्रफितीचं काम सहा पडद्यांवर दाखवलं गेलं. माझं मत: हा गुलाबी रंग युद्धाला देखणं करतो. बंदूकधारी पोरगा समोर उभा असताना डोळा मागच्या टेकडीवर रेंगाळतो. माहितीपट इथेच हरतो.

जिलेटिन:
रंग नंतर चढवलेला नाही, तिपाई. मॉस यांनी वापरलेल्या कोडॅक एरोक्रोम या फिल्मचे तीन थर हिरवा, तांबडा आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा) प्रकाश टिपतात. फिल्म धुतली की अवरक्त लाल दिसतं, तांबडं हिरवं आणि हिरवं निळं. पानातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश पिऊन टाकतं, पण ७०० नॅनोमीटरपुढचे, म्हणजे अवरक्त, किरण पान परत फेकतं. म्हणून जिवंत झाडी गुलाबी येते, नुसतं हिरवं रंगवलेलं कापड येत नाही. दुसऱ्या महायुद्धात झाडीआड लपवलेला तळ हुडकायला ही फिल्म निघाली. जगाने नजरेआड केलेल्या युद्धासाठी ती निवडणं मला अत्यंत योग्य वाटतं.

कोरा रोल:
त्यात ती हाताळायला भारी अवघड. तिन्ही थर निळा प्रकाशही टिपतात, म्हणून गडद पिवळा फिल्टर हवाच. नाहीतर रंगांची वाट लागते. प्रकाश मोजणाऱ्या मीटरला अवरक्त कळत नाही, तेव्हा अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने (प्रकाशाच्या मापाने) पुढे-मागे एकाच दृश्याच्या दोन-तीन फ्रेम घ्याव्या लागतात. रोल भरायचा तो पूर्ण अंधारात. साठवण फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडला तर आत दव धरतं. उष्णतेत अवरक्त थर आधी थकतो, गुलाबी विरतो. उत्पादन २००९ मध्येच थांबलं, त्यामुळे वाया गेलेला रोल भरून निघत नाही.

तिपाई:
कष्ट मान्य, पण कष्टांनी अर्थ सिद्ध होत नाही. जिलेटिन, तुम्ही सांगितलेली छुपा तळ हुडकण्याची गोष्ट भिंतीवरच्या चित्रात दिसते कुठे? ती शेजारच्या मजकुरात वाचावी लागते. आणि मॉस यांच्या ‘इनकमिंग’ या नंतरच्या कामात तर निर्वासितांवर लष्करी उष्णता-कॅमेरा रोखला, जो तीस किलोमीटरवरचा माणूस टिपतो! त्या प्रतिमेत त्वचेचा रंग नाही, डोळ्यांतला भाव नाही. सीमेवरचा पहारेकरी त्यांना असाच बघतो.

जिलेटिन:
तेच तर दाखवायचं आहे! आपल्याला त्या पहारेकऱ्याच्या डोळ्यामागे उभं केलं आहे. शिवाय या कॅमेऱ्याला ऊब दिसते. थंड पांघरुणावरून हात उचलला तरी त्याचा ठसा क्षणभर राहतो. साध्या कॅमेऱ्याला हे जमणार नाही.

तिपाई:
ठशाचं पटलं. पण ज्यांच्यावर कॅमेरा रोखला, त्यांना आपण असे दिसणार आहोत याची कल्पना होती का? तीस किलोमीटरवरून परवानगी कशी मागणार, तेवढं सांगा.