पॅरिसच्या जुन्या पोस्टकार्डांचा काळ कसा ठरवावा?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आजोबांच्या ट्रंकेत आयफेल टॉवर, नोत्र दाम आणि त्रोकादेरो राजवाडा यांची तपकिरी छटेतील पोस्टकार्डे मिळाली असून बहुतेकांवर ना टपालाचा शिक्का आहे, ना तारीख. त्यांचा काळ कशावरून ओळखावा, आणि पावसाळ्यात ती कशी जपावीत?

उत्तर (वाशी): प्रथम मागची बाजू पाहावी. फ्रान्समध्ये साधारण १९०४ पूर्वी तेथे केवळ पत्ता लिहिण्याची मुभा होती आणि निरोप चित्राच्या कडेने लिहावा लागे. त्यामुळे मागे पत्ता आणि निरोप यांच्या जागा वेगळ्या करणारी मधोमध उभी रेघ असेल, तर कार्ड त्यानंतरचे समजावे. चित्रातील वास्तूही मोठी साक्ष देतात. त्रोकादेरोचा राजवाडा १८७८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधला गेला आणि १९३७ च्या प्रदर्शनासाठी त्याच्या जागी शायो राजवाडा उभा राहिला, म्हणजे आपले ते छायाचित्र नक्कीच त्याआधीचे आहे. मात्र प्रकाशक जुन्याच काचेच्या निगेटिव्हवरून अनेक वर्षे कार्डे छापत असत, म्हणून छायाचित्राचा आणि छपाईचा काळ एकच मानू नये.

उत्तर (कोपरी, ठाणे): कोपऱ्यातील अक्षरेही पाहावीत, ‘एलएल’ (LL) ही लेव्ही या प्रकाशकांची, तर ‘एनडी’ (ND) ही नरदँ बंधू या प्रकाशकांची खूण आहे.

उत्तर (नेरूळ): कृपया लॅमिनेशन करू नका! पीव्हीसी या प्लास्टिकच्या पाकिटांऐवजी आम्लविरहित कागद किंवा पॉलिस्टरची पाकिटे वापरावीत, आणि आपल्याकडच्या दमट हवेत डब्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी बदलावे.