घराण्याची हकीकत छापायचीय, कुणी छापली असंल तर सांगा

रिटायर्ड_मास्तर, परभणी:
दोन वर्षं झाली लिहायलोय, चार वह्या भरल्या. पणजोबापासून सगळं हाय, निजामाचा काळ, 72 चा दुष्काळ, आई खडी फोडायला जायची अन् पदरात सुकडी बांधून आणायची ते. छापील दोनशे पानं तरी होतील. एक प्रकाशक म्हणतो पन्नास हजार द्या अन् पाचशे प्रती तुम्हीच उचला. मला शंभरच पाहिजेत, भावकी अन् पाहुण्यांपुरत्या. काय करू?

डीटीपीवाला, लातूर:
सर, पाचशे प्रती पलंगाखाली राहतात, लै बघितल्या. शंभराला ऑफसेट परवडत नाही, डिजिटल प्रिंट करा. टायपिंग युनिकोडमध्येच सांगा, जुन्या फॉन्टमध्ये केलं की नातवाच्या फोनवर नुसती अक्षरांची खिचडी दिसते. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, तो फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडं ऑनलाइन अर्ज करायचा, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. घरातच वाटायचं तर तोही लागत नाही म्हणा. प्रुफं मात्र दुसऱ्याकडून तपासून घ्या, एका काकांच्या वंशावळीत जावई अन् सासरे सख्खे भाऊ झाले होते आणि ते कळलं बारशाच्या जेवणात, पुस्तकं वाटून झाल्यावर.

बीडची_लेक:
काका, जुन्या कागदावरचं साल नीट बघा. आमच्या खरेदीखतावर 1357 होतं, मी हिजरी समजून 1938 लिहून मोकळी झाले, अन् ते निघालं फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल. फसलीत 590 मिळवायचे, म्हणजे 1947-48, ऐन रझाकाराच्या धामधुमीतला व्यवहार! अख्खं प्रकरण परत लिहावं लागलं. कागद उर्दूत असतील तर गावात कुणी म्हातारं वाचणारं हाय का बघा, आहेत तोवर वाचून घ्या.

रिटायर्ड_मास्तर, परभणी:
आमच्या कागदावर पण फसलीच दिसतंय, बरं झालं सांगितलं. अजून एक, चुलत्यानं बांध कोरला होता, दहा वर्षं कोर्ट चाललं. ते घालू का? त्याची पोरं आता येतात-जातात.

डीटीपीवाला, लातूर:
छापायच्या आधी तेवढी पानं त्याच्या थोरल्याला वाचायला द्या सर. चहाला बोलवून.

रिटायर्ड_मास्तर, परभणी:
दिली. म्हणतो, बांध तुमच्याच बापानं आधी कोरला, ते पण लिहा.