पीटीके (डोळ्याची लेसर शस्त्रक्रिया) आधी करावी की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया? (मदत हवी आहे)

माझ्या आईच्या (वय 64, राहणार दादर) दोन्ही डोळ्यांना कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) ग्रॅन्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे त्यात धूसर ठिपके साचण्याचा आनुवंशिक आजार आहे. ठिपके वरच्या थरातच असल्याचे एएस-ओसीटी (डोळ्याच्या पुढच्या भागाचे थर दाखवणारा स्कॅन) तपासणीत दिसले असून कॉर्नियाची जाडी पुरेशी आहे. मधुमेह किंवा नागिणीचा इतिहास नाही. सकाळी पापणी उघडताना वरची त्वचा सोलल्यासारखी कळ येते आणि फलाटावरचा इंडिकेटर प्रकाश फाकल्यामुळे वाचता येत नाही. वंगणाचे थेंब, रात्रीचे मलम आणि बँडेज लेन्स (डोळ्याचा पृष्ठभाग झाकणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स) यांनी वेदना कमी झाल्या, दृष्टी मात्र सुधारली नाही.

डॉक्टरांनी पीटीके, म्हणजे 193 नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरने धूसर थर काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे. चष्मा घालवण्याच्या लॅसिकबद्दल मी विचारत नाही, हे आधीच सांगतो. काही वर्षांनी ठिपके पुन्हा येऊ शकतात, याची आम्हांला कल्पना आहे. खरी अडचण अशी की, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूही आहे आणि पीटीकेनंतर कॉर्निया सपाट होऊन प्लस नंबर वाढू शकत असल्याने मोतीबिंदू काढून आत बसवायच्या लेन्सचे गणित बदलते.

ज्यांच्या घरी या दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे: आधी कोणती केली, पीटीकेनंतर लेन्सचे माप घेण्यासाठी किती महिने थांबायला सांगितले, आणि मुंबईतील कोणत्या सरकारी वा धर्मादाय रुग्णालयात पीटीके होते?