शब्दचर्चा : 'चांगला घोडा जिंकला' यातला 'चांगला' म्हणजे नक्की कोणता? सरस, वरचढ, अव्वल, श्रेष्ठ

प्रश्न :
आम्ही काहीजण फॉर्म (मागच्या रेसमधली कामगिरी), घोड्यावरचं वजन, अंतर, ट्रॅक सगळं बघून रेस खेळतो आणि दर रेसनंतर तेच भांडण होतं, एक म्हणतो सगळ्यात चांगला घोडा जिंकला, विषय संपला, आणि दुसरा म्हणतो छे, चांगला घोडा हरला, जॉकीनं घालवली. रेस दोघांनी एकच बघितलेली असते. मला आता वाटायला लागलंय की हे भांडण घोड्यावरून नाहीच, 'चांगला' या शब्दावरून आहे. याला मराठीत नेमका शब्द कुठला घ्यावा? 'अव्वल' कसा वाटतो?

प्रतिसाद :
अव्वल नको. तो अरबीतून आलाय आणि त्याचा मूळ अर्थच 'पहिला', त्यामुळे 'अव्वल घोडा दुसरा आला' म्हणायला गेलं की वाक्य स्वतःलाच अडखळतं. श्रेष्ठ आणि उत्तम यांचं वेगळं दुखणं आहे, त्यातले 'इष्ठ' आणि 'तम' हे प्रत्ययच 'सगळ्यांत वर' असं सांगतात पण कशात वर, कुठल्या दिवशी वर, ते कळत नाही. मी दोन शब्द घेईन, सरस आणि वरचढ. आपण 'आज वरचढ ठरला' म्हणतो, 'जन्मापासून वरचढ' असं कुणी म्हणत नाही, म्हणजे वरचढला समोर कुणीतरी लागतो आणि प्रसंग लागतो. सरस मात्र घोड्याच्या अंगचा गुण म्हणूनही चालतो. 1986 ची इंग्लंडमधली एप्सम डर्बी घ्या. डान्सिंग ब्रेव्हला फार मागे ठेवलं होतं, शेवटी तो सुसाट आला पण शाहरस्तानी अर्ध्या लेंथनं (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला. मग जुलैत अॅस्कॉटला किंग जॉर्ज या रेसमध्ये दोघं परत भेटले, डान्सिंग ब्रेव्ह जिंकला आणि शाहरस्तानी चौथा. त्याच वर्षी डान्सिंग ब्रेव्हनं पॅरिसची आर्क ही मोठी रेसही मारली. माझ्या मते डर्बीच्या दिवशी वरचढ शाहरस्तानी, सरस डान्सिंग ब्रेव्ह, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

प्रतिसाद :
मला हे पटत नाही. 'मुळात सरस' ही हरलेल्याची पळवाट आहे. अहो, शर्यत हा शब्दच 'शर्त' वरून आलाय, म्हणजे अट. इतकं अंतर, अमुक वजन, तमुक ट्रॅक, वर बसलेला हा जॉकी, या सगळ्या अटी मान्य करूनच घोडा गेटमध्ये उभा राहतो ना? मग जॉकीनं उशीर केला हे घोड्याच्या हिशेबातून वजा कसं करायचं, आणि करायचंच तर जिंकलेल्याच्या जॉकीनं बरोबर वेळ साधली तेही वजा करा की. पण एक मान्य करतो, लोक तसं बोलतात आणि नुसतं हळहळून नाही बोलत. झेन्याटा ही अमेरिकन घोडी सलग 19 रेस जिंकली आणि 2010 मध्ये शेवटच्या रेसला, ब्रीडर्स कप क्लासिकला, ब्लेम या घोड्यानं तिला फक्त डोक्याच्या फरकानं हरवलं. तरी त्या वर्षीचा 'हॉर्स ऑफ द इयर' मतदानात तिलाच मिळाला, ब्लेमला नाही. म्हणजे मत देणाऱ्यांच्या मनात तुमचे सरस आणि वरचढ वेगळेच होते, शब्द नसले तरी.

प्रतिसाद :
हँडिकॅप रेसचं काय करणार ते सांगा, कारण तिथे हा शब्द खरा अडकतो. हँडिकॅप मूळचा 'टोपीत हात'. दोघं वस्तूंची अदलाबदल करायचे, तिसरा माणूस किमतीतला फरक ठरवायचा आणि दोघांनी टोपीत हात घालून सौदा मान्य की नाही ते दाखवायचं. रेसमधला हँडिकॅपर हाच तिसरा माणूस, सरस घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं त्याचं काम. (आपण खेळणारे करतो त्यालाही हँडिकॅपिंगच म्हणतात, पण आपण वजन देत नाही, दिलेल्या वजनातून कोण सुटतो ते शोधतो, त्यामुळे बोलताना गोंधळ होतो.) म्हणजे जिथे सरसपणा वजनानं झाकायचाच ठरवलाय तिथे निकाल बघून 'सरस जिंकला' म्हणणं मला चुकीचंच वाटतं.

1973 चं ग्रँड नॅशनल आठवा, इंग्लंडमधली अडथळ्यांची हँडिकॅप रेस. क्रिस्पवर 12 स्टोन (एक स्टोन म्हणजे 14 पौंड), रेड रमवर 10 स्टोन 5 पौंड, म्हणजे 23 पौंडांचा फरक, साधारण साडेदहा किलो. सव्वाचार मैलांपेक्षा जास्त अंतर, क्रिस्प एकटाच कितीतरी पुढे, शेवटचा अडथळा ओलांडल्यावर पाय जड झाले, वेडावाकडा पळायला लागला आणि अगदी खांबाजवळ रेड रमनं पाऊण लेंथनं गाठलं. वेळ दोघांचीही जुन्या विक्रमापेक्षा कमी! ती शेवटची धाव बघताना माझ्या घशात अजून आवंढा येतो. नंतर समान वजनावर डॉंकास्टरला भेटले तेव्हा क्रिस्प जिंकला. म्हणून लगेच रेड रमला नशीबवान म्हणू नका, 1974 ला त्यानं स्वतः 12 स्टोन घेऊन तीच रेस जिंकली.

प्रश्नकर्ता :
शर्त आणि शर्यत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. पण आम्हा खेळणाऱ्यांना अजून एक शब्द लागतो असं आता वाटतंय. समजा अभ्यास करून वाटलं की घोडा चार वेळात एकदा जिंकेल आणि भाव मिळतोय एकाला पाच, तर तो घ्यायचा, मग सरस दुसराच असला तरी चालेल. उलट फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो, सगळ्यात सरस आहे हे मान्य असूनही भाव इतका पडलेला असतो की हात लावू नये. याला मी 'परवडणारा' म्हणेन. 'सरस आहे पण या भावात परवडत नाही' हे वाक्य ग्रुपात कुणालाही पटकन कळेल. आमची निम्मी भांडणं मला वाटतं इथलीच, एकजण परवडणाऱ्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा सरसबद्दल.

प्रतिसाद (शर्तवाला) :
परवडणारा झकास आहे. फक्त एक करा, सरस कोण आणि परवडणारा कोण हे गेट उघडायच्या आधी लिहून ठेवा, कारण निकालानंतर सुचलेला सरस मी मोजणार नाही. वरचढ तेवढा रेसनंतर लिहा, तो शब्द त्यासाठीच आहे.