झूम होणाऱ्या पटावरच्या मजकुरासाठी साधं मार्कअप: खुणा कोणत्या ठेवू?

देवबागकर

नमस्कार मंडळी. देवबागच्या संगमापासून मालवण बंदरापर्यंतच्या किनाऱ्याचा एक पट करतोय, म्हणजे जवळ-लांब करून पाहता येणारा नकाशा, ब्राउझरमध्ये चालणारा. लांबून पाहिलं की किनाऱ्याची रेघ आणि मोठी नावं दिसतात: देवबाग, तारकर्ली, वायरी, सिंधुदुर्ग किल्ला. जवळ गेलं की वाड्या, रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) जागा, पाण्यातली खडपं म्हणजे खडक. आणखी जवळ गेलं की त्या जागेबद्दल लोकांनी लिहिलेला मजकूर. आमच्याकडे ही माहिती जुन्या तांडेलांच्या (होडीच्या प्रमुखांच्या) आणि रापण ओढणाऱ्यांच्या तोंडी आहे, कागदावर जवळपास काही नाही. म्हणून तो मजकूर त्यांना स्वतःलाच बदलता आला पाहिजे, हा माझा हट्ट आहे. नोंदीवर बोट ठेवलं की तिथल्या तिथे लिहिता यावं, मध्ये कुठली खिडकी उघडू नये.

अशी एक नोंद बघा:

मोठं खडप
भोवती ४-५ वाव पाणी
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, तेव्हा इथे कोणी नसतं
ओहोटीला होडी लागते, लांबून जावं

(वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं खोलीचं माप.) अशा मजकुरात शीर्षक कुठलं, जाड काय हे साध्या खुणांनी सांगायचं म्हणजे मार्कअप. पहिला विचार मार्कडाउनचाच आला, त्यात हॅश, तारा अशा खुणा असतात. पण आमच्या वाचनालयातल्या संगणकावर इनस्क्रिप्टने, म्हणजे कीबोर्डच्या प्रमाण देवनागरी मांडणीने, टंकलेखन होतं. तिथे शिफ्ट दाबून ३ दाबलं की हॅश येत नाही, ्र येतो. ८ दाबलं की तारा येत नाही, श्र येतो. चौकटी कंसाच्या जागी ड बसलाय. म्हणजे प्रत्येक खुणेसाठी इंग्रजीत जा, परत या. सत्तरीच्या माणसाला हे करायला लावणं मला पटत नाही.

दुसरं, अधोरेघेने तिरपं करायचं म्हटलं तर आपले प्रत्यय आडवे येतात. _मालवण_ला असं लिहिलं की कॉमनमार्कच्या (मार्कडाउनच्या प्रमाणित रूपाच्या) नियमाने ते तिरपं होत नाही, कारण शब्दाच्या मध्ये आलेली अधोरेघ तिथे खूण मानत नाहीत. आपल्याकडे तर निम्मी नावं प्रत्यय लावूनच येतात.

तिसरं सगळ्यात अवघड. पटावर अक्षराचा आकार झूमवर ठरतो. मग ‘मोठं शीर्षक’, ‘लहान शीर्षक’ याला अर्थ काय उरतो? मी विचार करत होतो की ओळीच्या सुरुवातीला पातळीचा आकडा लिहायचा: १ म्हणजे लांबून दिसेल, ३ म्हणजे अगदी जवळ गेल्यावरच. हे बरोबर आहे का? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा.

कुडाळचो

माका वाटता तारा ठेवाच. व्हॉट्सॲपवर दोन ताऱ्यांत शब्द टाकलो की जाड होता, ह्या आमच्या गावात सगळ्यांक म्हायत आसा. मोबाईलवर लिवणारे जास्त, वाचनालयात येणारे कमी. आणि आकडे नको. कोण लक्षात ठेवतलो, एक म्हणजे लांब की जवळ?

काजळीकाठ

रत्नागिरीहून लिहितोय. मी बागायतदारांसाठी असाच एक पट केला आहे, आंब्याच्या कलमांच्या नोंदींचा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं.

आकडे लिहायला लावू नका. लिहिणाऱ्याला पातळी ठाऊक नसते. त्याला फक्त एवढंच कळतं की यातलं नाव कुठलं, महत्त्वाचं काय आणि तपशील काय. तेवढं मजकुराच्या रचनेतून घ्या आणि दिसणं-न दिसणं पटावर सोपवा. पहिली ओळ म्हणजे नाव. रिकामी ओळ येईपर्यंतचा मजकूर जवळ गेल्यावर, त्यापुढचा आणखी जवळ गेल्यावर. बस. नोंद लिहिताना माणूस आपोआप असंच लिहितो. तुमचीच नोंद बघा, नाव वर आहे आणि तुम्ही त्याला कुठलीही खूण केलेली नाही.

ही कल्पना नवी नाही. केन पर्लिन आणि डेव्हिड फॉक्स यांनी १९९३ साली ‘पॅड’ नावाचा अमर्याद पट मांडला, त्यात जवळ गेल्यावर वस्तू नुसती मोठी न होता वेगळी दिसावी हाच विचार होता. मार्कडाउन २००४ चं, तेही सरळ खाली वाचत जायच्या पानासाठी. पान आणि पट यांच्या गरजा वेगळ्या आहेत, हे तुम्हाला शीर्षकापाशीच जाणवलं ते बरोबर आहे.

जागा, रुंदी, मूळ आकार यातलं काही मार्कअपमध्ये आणू नका. ते नोंदीच्या शेजारी वेगळं साठवा. मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला किंवा छापला तरी तो नुसता मजकूर म्हणून वाचता आला पाहिजे.

आता खुणा. इनस्क्रिप्टवर इंग्रजीत न जाता हाताशी काय आहे ते मोजा: जोडरेघ, स्वल्पविराम, पूर्णविराम, दंड (।), गोल कंस, आकडे. यातूनच निवडा. माझी शिफारस अशी: ओळीच्या सुरुवातीला जोडरेघ आणि तिच्यापुढे जागा म्हणजे यादी. ओळीच्या सुरुवातीला दंड म्हणजे इशारा. दुहेरी गोल कंसांत, ((असं)), दुसऱ्या नोंदीचं नाव म्हणजे दुवा. तिन्ही खुणांपैकी पहिल्या दोन फक्त ओळीच्या तोंडाशी चालतील, मध्ये कुठेही नाही. त्यामुळे तुमचं ‘४-५ वाव’ सुरक्षित राहतं आणि ‘१ जून’ची यादी होत नाही. आकड्याला मुळीच खूण मानू नका. माणसं तारखा आणि मापं लिहितात, ती लिहू द्या.

इशाऱ्याची ओळ मात्र लांबूनही दिसत राहिली पाहिजे. ‘ओहोटीला होडी लागते’ हे वाचायला कोणी जवळ जाण्याची वाट बघणं धोक्याचं आहे. अक्षरं वाचण्याइतकी मोठी होत नसतील तर तिथे नुसता लाल ठिपका दाखवा, पण गाळू नका. जाड अक्षराची गरज लोकांना बहुतेक इथेच असते, म्हणून जाड अक्षर मी ठेवलंच नाही. मोबाईलवाल्यांसाठी दंडाच्या जोडीला उद्गारचिन्हही चालवा, दोन्हींचा अर्थ एकच.

कुडाळच्या मित्रांचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. तारे आलेच तर जाड करून दाखवा, मात्र अख्ख्या शब्दालाच. शब्दाच्या मध्ये तुकडा पाडलात की जोडाक्षर फुटतं, क् एका बाजूला आणि ष दुसऱ्या बाजूला जातो. कुठलीही खूण चुकली तर चूक म्हणून सांगू नका, जशी लिहिली तशी दिसू द्या.

देवबागकर

इशाऱ्याची ओळ लांबूनही दिसत ठेवायची, हे मला सुचलंच नव्हतं, आणि या पटाचं निम्मं काम तेच आहे. मनापासून आभार.

दुव्याबद्दल एक अडचण. नोंदीचं नाव ‘मोठं खडप’. पण कोणी वाक्यात लिहील ‘मोठ्या खडपाच्या बाहेरून’. कंसात ‘मोठ्या खडपाच्या’ आलं तर नाव जुळणार नाही, आणि कंसात मूळ नाव टाकून पुढे प्रत्यय जोडायचा म्हटलं तर ‘मोठं खडपच्या’ असं होतं. असं आमच्याकडे कोणी बोलत नाही आणि मी लिहायला सांगणारही नाही.

दुसरं, बरेच जण टाईप करतच नाहीत, फोनला बोलून सांगतात. बोलताना कंस कसा येणार?

काजळीकाठ

नावावरून जुळवूच नका. दोन कंस उघडले की जवळपासच्या नोंदींची यादी दाखवा, माणूस त्यातली एक निवडेल. मजकुरात तो हवं ते रूप लिहील, दुवा आतून नोंदीच्या क्रमांकाशी बांधलेला राहील. उद्या नोंदीचं नाव बदललं तरी दुवा तुटणार नाही. बोलून सांगणाऱ्यांसाठी मजकुरातला शब्द दाबून धरला की तीच यादी उघडावी, कंस तुम्ही मागून घाला. आणि दुव्यावर बोट ठेवलं की पट एकदम उडी मारून नेऊ नका. आधी थोडा मागे जाऊन मग तिकडे सरकू दे. मधला किनारा दिसला तर माणसाला आपण कुठून कुठे आलो ते कळतं.

आचऱ्याची वहिनी

तिथल्या तिथे लिहिण्याबद्दल दोन गोष्टी. मी मराठी कीबोर्डचं काम करते म्हणून या माझ्या जिव्हाळ्याच्या.

ओळी कुठे मोडायच्या ते एकदाच, नोंदीच्या मूळ आकारावर ठरवा आणि मग सगळं चित्र लहान-मोठं करा. प्रत्येक झूमला नव्याने मोजलंत तर अक्षरांच्या रुंदीत किंचित फरक पडतो, शेवटचा शब्द खालच्या ओळीत जातो आणि वाचणाऱ्याची जागा हरवते. रुंदी मोजताना एकेक अक्षर मोजून बेरीज करू नका. ‘क्षि’ म्हणजे साठवणीत क, हलन्त (पाय मोडायची खूण), ष आणि पहिली वेलांटी असे चार तुकडे; पडद्यावर ते एकच अक्षर आणि वेलांटी सगळ्यांच्या आधी. अख्खा शब्द एकदम मोजा. कर्सर कुठे थांबावा ते ब्राउझरच्या इंटल सेगमेंटरला (मजकुराचे अक्षरांत तुकडे पाडणाऱ्या सोयीला) विचारा. युनिकोडच्या २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकसंध धरलं जातं, तरी जुन्या फोनवर एकदा तपासून घ्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कीबोर्ड शब्द जुळवत असताना मार्कअप वाचायला जाऊ नका. बहुतेक फोनवर अक्षर पक्कं होण्याआधी ते कच्चं असतं, तेवढ्यात तुम्ही मजकूर नव्याने रंगवलात की हलन्त तिथेच राहतो आणि पुढचं व्यंजन सुटं पडतं. कॉम्पोझिशनएंड, म्हणजे शब्द जुळवून झाल्याची ब्राउझरची सूचना, येईपर्यंत थांबा. लिहिताना खुणा लपवूही नका, फिकट दाखवा आणि ओळीची उंची तीच ठेवा. जोडरेघ टाकल्याबरोबर तिचा ठिपका झाला तर ती पुसायची कशी हे लोकांना कळत नाही.

दंडाची ओळ मालवणच्या लोकांकडून लिहून घ्याल तेव्हा दंडानंतर जागा सोडली-न सोडली, दोन्ही चालू द्या. कोणी दोन दंडही देईल, तेही चालू द्या.